मागच्या चाकाकडून गिअरबॉक्सकडे

जुन्या जीपला दुसरा गिअरबॉक्स बसवायचा ठरला की चर्चा बहुतेक वेळा गिअर किती यावरून सुरू होते. तीनऐवजी चार, चारऐवजी पाच. काम मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरू करावे लागते. आधी टायर, मग क्राउन-पिनियन, मग ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारा डबा), आणि शेवटी गिअरबॉक्स. या क्रमाने गेले की निवडीला फारसे पर्याय उरत नाहीत, आणि जे उरतात त्यांतला बरोबर कोणता हे आपोआप दिसू लागते. उलट क्रमाने गेले तर गिअरबॉक्स महागाचा येतो, बसतोही, आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते.

खानदेशात अशा कामाची खरी गाडी म्हणजे महिंद्राची जीप. विलीसच्या परवान्यावर 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडणी सुरू झाली. सीजे-3बी, सीजे-500, एमएम-540, कमांडर, मार्शल अशा पिढ्या एकामागून एक आल्या, आणि त्यांचे अवयव बऱ्याच अंशी एकमेकांत बसत राहिले. काळी-पिवळी म्हणून आयुष्य काढलेल्या, लष्कराच्या लिलावातून आलेल्या, शेतावर ट्रॉली ओढून थकलेल्या जीपा आता हौशी लोक पुन्हा उभ्या करतात. मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी डीआय डिझेल, रुंद टायर, समोर विंच. ताकद वाढली की जुना तीन गिअरचा डबा आधी आवाज करतो, नंतर दुसऱ्यातून सुटू लागतो, आणि मग बदलाचा विषय निघतो. मोठ्या शहरांत वेगवान गाड्यांना बाहेरून मागवलेला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवण्याची जी हौस आहे, तिचे इकडचे रूप हे आहे. हिशेब दोन्हीकडे एकच.

खानदेशातल्या भडगावची जीप कुठे चालते हे आधी पाहावे. गिरणाकाठची काळी जमीन पावसात चाकाला इतकी चिकटते की टायरचे खाचे भरून जातात आणि चाक गुळगुळीत होते. नदीपात्रातली वाळू कोरडी असताना चाक खाली ओढते. अशा ठिकाणी इंजिन कमी फेऱ्यांवर न थांबता, न झटकता ओढत राहिले पाहिजे. पण तीच जीप पाचोरा, जळगाव किंवा चाळीसगावला डांबरी रस्त्याने जाते, तेव्हा साठाच्या पुढे इंजिन किंचाळू नये अशी अपेक्षा असते. चाळीसगावच्या पुढे कन्नडचा औट्रम घाट आहे. तिथे वळणावर थांबून पुन्हा चढाला सुटावे लागते आणि उतरताना ब्रेकपेक्षा गिअरवर विसंबावे लागते. एका गाडीकडून तीन कामे. तिन्ही सारखीच चांगली करणारा डबा नसतो, म्हणून मालकाने कोणते काम पहिले हे सांगितल्याशिवाय फिटरने पाना हातात घेऊ नये.

मोजमाप मागच्या ॲक्सलपासून. कव्हर उघडून दात मोजणे हाच खात्रीचा मार्ग, कारण जुन्या जीपचा ॲक्सल मूळचाच आहे याची शाश्वती नसते. क्राउनला 43 आणि पिनियनला 8 दात असतील तर रेशो 5.38, सीजे-3बीचा ठरलेला. 39 आणि 8 असतील तर 4.88. 41 आणि 11 म्हणजे 3.73. कव्हर न उघडता मोजायचे तर दोन्ही मागची चाके उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून, ती बरोबरीने एकच फेरा फिरवावी आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावे. एकच चाक उचलले तर डिफरेन्शियलमुळे हिशेब निम्म्यावर येतो, आणि 5.38 चा ॲक्सल 2.69 चा आहे असे कोणीतरी ठामपणे सांगते. फोर-व्हील जीपमध्ये पुढचा ॲक्सलही मोजावा. मागचा 4.88 आणि पुढचा 5.38 अशी गाडी डांबरावर टू-व्हीलमध्ये निमूट चालते, आणि चिखलात फोर-व्हील टाकताच ट्रान्सफरचे दात खाऊ लागते.

आता टायर. 215/75 आर 15 मापाच्या टायरचा घेर सुमारे 2.21 मीटर. टॉप गिअर सरळ, म्हणजे 1:1 असेल आणि इंजिन 2500 आरपीएमवर असेल, तर 5.38 च्या ॲक्सलवर जीप ताशी साधारण 62 किलोमीटर जाते. 4.88 वर 68. 3.73 वर 89. इंजिन तेच, फेरे तेच. आता पाचवा गिअर 0.8 चा धरला तर पहिल्या ॲक्सलवर 77, दुसऱ्यावर 85, तिसऱ्यावर 111 होतात. साठाच्या पुढे किंचाळणाऱ्या जीपचा आजार बरेचदा गिअरबॉक्समध्ये नसून क्राउन-पिनियनमध्ये असतो हे या आकड्यांवरून कळते. हायवेसाठीच पाच गिअर हवे असतील, तर आधी 4.88 चा ॲक्सल शोधून पाहावा. स्वस्त पडतो आणि काम एका दिवसाचे. टायर मोठे केले की उलटे घडते. घेर वाढला, म्हणजे नकळत ॲक्सलचा रेशो उंचावला, आणि घाटात पहिला गिअर कमी पडू लागतो. ताकदीचे इंजिन टाकूनही जीप मंद झाली अशी तक्रार येते, तेव्हा बोनेट उघडण्याआधी टायरची बाजू वाचावी.

खालच्या टोकाचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच करायचा राहतो. जुन्या तीन गिअरच्या टी-90 डब्याचा पहिला गिअर 2.798 चा. स्पायसर-18 ट्रान्सफरचा लो सुमारे 2.46. ॲक्सल 5.38. तिघांचा गुणाकार साधारण 37. म्हणजे इंजिनाचे 37 फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन 800 आरपीएमवर असताना जीप ताशी तीन किलोमीटरला थोडी कमी चालते, माणूस शेजारून आरामात चालू शकेल इतकी. आता पाच गिअरचा डबा घ्या, पहिला 3.8 चा धरा. ट्रान्सफर आणि ॲक्सल तेच ठेवले तर गुणाकार 50 वर जातो आणि वेग ताशी दोनवर येतो. चिखलासाठी हे उत्तम. पण मालकाने हायवेच्या मोहाने ॲक्सलही 3.73 चा बसवला असेल तर? 3.8 गुणिले 2.46 गुणिले 3.73, म्हणजे जेमतेम 35. पाच गिअरची नवी जीप वाळूत जुन्या तीन गिअरच्या जीपपेक्षा कमकुवत ठरते. दोन्ही बदल एकदम करणाऱ्यांच्या वाट्याला हा अनुभव येतो, आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो.

टोके ठरली की मधल्या पायऱ्या. दोन गिअरांमधले अंतर किती असावे हे इंजिन सांगते. पहिला 3.6 आणि दुसरा 2.0 असेल, तर गिअर बदलताना इंजिनाचे फेरे सुमारे 55 टक्क्यांवर येतात. डीआय डिझेल 3000 वरून 1650 वर उतरले तरी ते त्याच्या ओढीच्या ऐन मोक्यावरच असते. थारच्या डीआय इंजिनाचा कमाल टॉर्क 1500 ते 1800 आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. म्हणून डिझेल जीपला लांब पायऱ्यांचा डबा चालतो, नव्हे, शोभतो. उंच फेऱ्यांवर श्वास घेणाऱ्या पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. 6500 वरून तेच इंजिन 3600 च्या खाली आले की गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. तिथे 2.6 आणि 1.9 अशा जवळच्या पायऱ्या लागतात, म्हणजे फेरे 4750 च्या आसपासच थांबतात.

जवळच्या पायऱ्या हा मुळात शर्यतीचा विषय. नाशिकच्या रॅलीत किंवा देशातल्या इतर रॅलींत वर्षानुवर्षे धावलेली मारुती जिप्सी याचे चांगले उदाहरण. 1985 च्या पहिल्या जिप्सीला 970 सीसी इंजिन आणि चार गिअर होते. नंतरच्या जिप्सी किंगला 1298 सीसी आणि पाच. जिप्सीचा एक गुण जीपवाल्यांना हेवा वाटावा असा आहे. तिचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसून वेगळा असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे गिअरबॉक्स बदलताना ट्रान्सफरला हात लावावा लागत नाही. फक्त मधल्या शाफ्टची लांबी जुळवायची. एकाच जागी दोन स्वतंत्र निर्णय घेता येणे ही गॅरेजात दुर्मीळ सोय आहे.

रॅली आणि ड्रॅगच्या पुढच्या पायरीवर डॉग गिअरबॉक्स येतो. इंग्लंडच्या क्वेफ आणि ह्यूलंड, फ्रान्सच्या सादेव या कंपन्यांचे असे डबे जगभर चालतात. त्यांत गिअरांचे वेग जुळवणारी सिंक्रो रिंग नसते. जाड, मोजके दात एकमेकांत थेट अडकतात. गिअर झटक्यात पडतो, पण हळू हाताने टाकला तर दातांचे कोपरे झिजतात, म्हणून डबा वरचेवर उघडून तपासावा लागतो. सरळ कापलेल्या दातांचा आवाज इतका की गाडीत बोलणे अशक्य. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 402 मीटरच्या ड्रॅगमध्ये हे सगळे क्षम्य आहे. भडगावच्या बाजारात, शाळा सुटण्याच्या वेळी, पहिल्या-दुसऱ्यात रांगताना ते असह्य होते. अमेरिकी मोठ्या इंजिनांसाठी ट्रेमेकचे पाच-सहा गिअरचे डबे मिळतात आणि ते सिंक्रोचे असल्याने रस्त्यावर सोयीचे असतात. पण त्यांचा आकार आणि किंमत पाहता जीपच्या कामाला ते तोफेने डास मारण्यासारखे आहेत.

डब्याला टॉर्क किती सोसतो, हा प्रश्न त्यानंतरचा. टी-90 ज्या हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या मागे होता, त्याचा टॉर्क सुमारे 155 न्यूटन-मीटर. थार डीआयचे इंजिन 182.5 देते, थार सीआरडीईचे 247. आकड्यांतला फरक दिसतो त्याहून मोठा आहे, कारण पेट्रोलचा धक्का मऊ असतो आणि चार सिलिंडरांच्या डिझेलचा हातोड्यासारखा. शिवाय डब्यातून बाहेर पडताना टॉर्क गिअरच्या रेशोने गुणला जातो. लो टाकून, अडकलेल्या चाकावर क्लच झटकन सोडला की दात, शाफ्ट आणि जॉइंट यांपैकी जो सर्वांत दुबळा तो जातो. इथे ड्रायव्हरची सवय इंजिनाइतकीच मोजावी लागते. शांतपणे चालवणाऱ्याच्या हातात टी-90 डीआयमागेही बरीच वर्षे टिकलेला दिसतो. त्याचा पहिला सिंक्रोचा नसल्याने गाडी थांबवून किंवा डबल क्लच मारूनच तो टाकावा लागतो, आणि ही अट पाळणाऱ्याचा हात आपोआप सावध राहतो. महिंद्राचा चार गिअरचा केएमटी-90 हा मधला, समंजस पर्याय. बोलेरो-थार घराण्यातले पाच गिअरचे एनजीटी डबे ताकदीला पुरतात आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. सुटे भाग मिळणे हा गुण कोणत्याही तांत्रिक गुणापेक्षा वरचा मानावा. परदेशी डब्याच्या एका सिंक्रो रिंगसाठी गाडी पावसाळाभर ओट्याखाली उभी राहणे परवडत नाही.

इथपर्यंतचे काम कागदावरचे. खरी अडचण जागेची. इंजिनाच्या बाजूने चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. बेल हाउसिंगची भोके, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनची संख्या आणि जाडी, पायलट बेअरिंगचे माप, आणि क्लच फोर्कची बाजू. बेल हाउसिंग जुळत नसेल तर ॲडॅप्टर प्लेट करतात, आणि इथे लेथवाल्याचे कसब पणाला लागते. प्लेटचे मध्य क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळले नाही तर इनपुट शाफ्ट सतत वाकून फिरतो, पायलट बेअरिंग खातो आणि क्लच प्लेटचा मधला भाग उखडतो. म्हणून प्लेट आवळण्याआधी फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, ते फिरवत बेल हाउसिंगचे भोक तपासून पाहावे, आणि डाउएल पिना बसवाव्यात. नुसत्या बोल्टांच्या भरवशावर हे मध्य टिकत नाही. स्प्लाइन वेगळी असेल तर दुसऱ्या मॉडेलची क्लच प्लेट शोधली जाते. प्लेट इनपुट शाफ्टची आणि प्रेशर प्लेट इंजिनाची, अशी सांगड घालताना दोन्हींचा व्यास मात्र एकच हवा.

मागच्या बाजूने लांबी. सीजे-3बीचा व्हीलबेस 80 इंच. मूळ तीन गिअरचा डबाच आखूड, त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट कसाबसा पुरतो. तिथे लांब पाच गिअरचा डबा बसवला की शाफ्ट इतका आखूड होतो की जॉइंटचा कोन उभा राहतो. वेगात गाडी थरथरते आणि जॉइंट वारंवार जातात. स्प्रिंग उंच केलेल्या जीपमध्ये हे आणखी बिघडते. एमएम-540 सारख्या लांब जीपमध्ये हा प्रश्न सुटतो, म्हणून पाच गिअरचे काम तिच्यावर घ्यावे. 80 इंचाच्या जीपला चार गिअरचा आखूड डबा शहाणपणाचा. शाफ्ट कापून जोडला तर तो बॅलन्सिंग मशीनवर तपासून घ्यावा, आणि दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच रेषेत वेल्ड झाले आहेत ना हे डोळ्याने पाहावे. एक टोक काही अंश फिरलेले असले तर बॅलन्स कितीही नेमका असो, कंप जात नाही.

आणखी एक अडचण जुन्या जीपचीच. स्पायसर-18 ट्रान्सफरचा मागचा शाफ्ट मध्यातून निघत नाही. तो उजव्या बाजूने निघतो, आणि मागच्या ॲक्सलचा गोळाही त्यामुळे उजवीकडे सरकलेला असतो. नव्या पद्धतीचा ट्रान्सफर घेतला, ज्याचा मागचा शाफ्ट मधून निघतो, तर मागचा ॲक्सलही मधल्या गोळ्याचा लागतो. गिअरबॉक्स बदलायला निघालेला माणूस इथे पोचेपर्यंत अर्धी गाडी बदलून बसलेला असतो. जुना ट्रान्सफर ठेवायचा असेल तर त्याला जुळणारा आउटपुट शाफ्ट असलेलाच डबा शोधावा. टू-व्हील बोलेरोचा डबा स्वस्त मिळतो म्हणून उचलू नये. त्याचे मागचे हाउसिंग आणि आउटपुट शाफ्ट फोर-व्हीलच्या कामाचे नसतात, आणि ते बदलण्याचा खर्च डब्याच्या किमतीच्या जवळ जातो.

जुना डबा विकत घेताना तो रिकामा, धुऊन चकचकीत केलेला असेल तर संशय घ्यावा. तेल आत असलेला डबा बरा, कारण तेल खरे बोलते. पितळी चमक थोडी असणे साहजिक, ती सिंक्रो रिंगांची. चुंबकाला चिकटणारे पोलादाचे तुकडे मात्र दात तुटल्याची खूण. मग इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावा, प्रत्येक गिअर टाकून फिरवावा, आणि टाकलेल्या गिअरात आउटपुट शाफ्टला मागे-पुढे झटके द्यावे. गिअर सुटला तर सिलेक्टर फोर्क, स्प्रिंग-गोळी किंवा दातांचे कोपरे यांपैकी काहीतरी गेलेले आहे. न्यूट्रलला फिरवताना घरघर येत असेल आणि टॉपमध्ये कमी होत असेल, तर काउंटर शाफ्टच्या बेअरिंगांकडे पाहावे. सरळ टॉपमध्ये काउंटर शाफ्टवर भार नसतो. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात असे डबे मिळतात. उत्तरेत मंडी डबवालीहून आख्खी जीपच जोडून येते. दोन्हीकडे चेसिस नंबर आणि कागद आधी, माल नंतर.

कागदांचा विषय टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हीच भूमिका ठामपणे घेतली. नोंदणी पुस्तकात इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, आसने असतात. गिअरबॉक्सचा रकाना त्यात नसतो. म्हणून नुसता डबा बदलणे आणि त्याबरोबर पेट्रोलचे डिझेल करणे ही कायद्याच्या नजरेत फार वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी आरटीओची परवानगी आधी लागते, काम झाल्यावर नाही. विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर सर्वेक्षक गाडीखाली वाकतोच.

बसवून झाल्यावर तेल. जीएल-5 प्रतीच्या तेलातली गंधकयुक्त द्रव्ये पितळी सिंक्रो रिंगांना पोषक नसतात. ॲक्सलला ते योग्य, पण सिंक्रोच्या डब्यात जीएल-4 प्रतीचे 80-डब्ल्यू-90 घालावे. गॅरेजात एकाच कॅनमधून दोन्हीकडे तेल ओतण्याची सवय असते, ती इथे नडते. पहिले तेल पाचशे ते हजार किलोमीटरवर काढून त्यातली चमक पुन्हा पाहावी. क्लच पेडलचा मोकळा खेळ काही दिवसांनी परत तपासावा, कारण नवी प्लेट बसते आणि खेळ कमी होत जातो. ॲक्सल किंवा टायर बदलला असेल तर मीटरचा काटाही खोटे बोलू लागतो. ॲक्सल 5.38 चा 4.88 केला आणि मीटर ट्रान्सफरवरून चालत असेल, तर काटा 60 दाखवताना जीप प्रत्यक्षात 66 च्या आसपास असते. मीटरचा छोटा प्लास्टिक गिअर बदलून हे दुरुस्त होते. तो मिळेपर्यंत मीटरच्या काचेवर पेनाने खूण करून ठेवतात.